दोन ओ

आमच्या अत्तारसरांना एक हाक मारली, की ते दोन ओ देतात.

"सर!" म्हणावं, तर "ओ, ओ!" पहिला ओ खणखणीत, वरच्या पट्टीतला. दुसरा जरा हळू, पहिल्याचं बोट धरून आल्यासारखा. सांगलीत गेली पंधरा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो आणि एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी करतो. ते इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, मी ग्रंथपाल. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला तिथूनच सुखानं निवृत्त व्हायचंय. तर या पंधरा वर्षांत सरांनी कुणालाही एकेरी ओ दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'डबल ओ' म्हणत. समोर म्हणायची सोय नव्हती, कारण समोर म्हटलं की सर त्यालाही दोनदा ओ देत.

एकदा निवडणुकीच्या कामाच्या प्रशिक्षणाला आम्ही दोघं गेलो होतो. हजेरी घेणाऱ्या साहेबांनी पुकारलं, "शौकत अत्तार!"

"ओ, ओ!"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "या नावाचे दोघं आहेत का?"

"न्हाई साहेब, येकच हाय."

"मग दोनदा ओ कशाला?"

सर नुसते हसले. साहेबांच्या डोक्यात काय घोळ झाला कोण जाणे, दुपारी सरांच्या नावावर चिवडा-लाडवाची दोन पाकिटं आली. एक त्यांनी खाल्लं, दुसरं निमूटपणे पिशवीत टाकलं. परतीच्या एसटीत मी त्यांना अधाशी म्हणालो. हे वाक्य मला पुढं परत घ्यायचंय, वाचकांनी लक्षात ठेवावं.

ओ हा सरांचा छंद, ओ हे व्यसन, आणि ओ हाच संशोधनाचा विषय. सकाळी कॉलेजला निघताना ते घराच्या मधोमध उभे राहतात आणि वस्तूंना हाका मारतात.

"चष्मा!"

स्वयंपाकघरातून जुबेदाभाभी ओरडतात, "ओ! फ्रिजवर!"

"किल्ली!"

"ओ! कालच्या पँटीत!"

"पाकीट!"

"ओ! तुमच्याच हातात!"

मग सर दारात येऊन मला सांगतात, "मोहितेभाऊ, ही बाई म्हंजे आमच्या घराचा सर्व्हर हाय. म्हायेरी गेली की आख्खं नेटवर्क डाऊन!"

सर डॉक्टरेट मिळवलेले आहेत, पण बोलणं अस्सल साताऱ्याकडचं. वर्गातसुद्धा असंच शिकवतात. त्यांची तक्रार अशी, की आजकाल फ्रिज बोलतो, घड्याळ बोलतं, दाराचं कुलूप फोनशी बोलतं. "सगळ्या यंत्रांचा पार जमलाय गड्या. पन त्या पारावर बेदाण्याच्या पेटीला कोन इचारतं? चपलीला कोन इचारतं? मुक्या वस्तूला ओ द्यायला शिकवलं पायजे!"

मी म्हटलं, "सर, मोठ्या दुकानांतून कपड्यांना ती पट्टी लावलेली असते की. दारातून जाताना यंत्राला ओळख सांगते."

"ती असती. पन तिच्यात चिप असती. चिप म्हंजे मेंदू. आवं, नुस्ता ओ द्यायला मेंदू कशाला लागतो? आपल्या स्टाफरूममधी बघा!"

हे आम्ही स्टाफरूममध्येच बोलत होतो. चार जण रागावले. पाचव्याला कळलं नाही.

बिनचिपेची पट्टी म्हणजे काय, हे मला समजावं म्हणून एका रविवारी सकाळी सर आमच्या स्वयंपाकघरात घुसले. बायकोची तांब्या-पितळेची पाच भांडी ओट्यावर ओळीनं मांडली आणि मला म्हणाले, "लावा सूर."

माझ्या सुरानं आजवर फक्त गल्लीतली कुत्री उठली आहेत. तरी लावला. घागर गप्प, कळशी गप्प, आणि टोकाचा तांब्या एकदम गुणगुणला! मी सूर चढवला, तर तांब्या गप्प आणि गडवा बोलायला लागला. बायको कणकेचे हात घेऊन बघतच राहिली.

"बघितलं?" सर ओट्यावर थाप मारून म्हणाले. "ज्येचात्येचा सूर ठरल्याला हाय. माज्या पट्टीचंबी तसंच. पातळ पत्र्याच्या पट्टीवर लहानमोठ्या खाचा पाडायच्या. बॅटरी न्हाई, चिप न्हाई. रीडरनं, म्हंजे वाचनाऱ्या यंत्रानं, रेडिओची लाट टाकली, की हरेक खाच आपापला सूर गिळती. बाकीची लाट माघारी येती. कुठलं सूर माघारी आलं न्हाईत, ती यादी म्हंजे त्या वस्तूचं नाव!"

"म्हणजे जे ऐकू आलं नाही, त्यावरून ओळखायचं?"

सर एकदम थांबले. गडव्यात बघत म्हणाले, "व्हय. त्येच्यावरनंच तर वळकायचं असतंय."

एवढ्यात बायकोनं गडवा काढून घेतला. तिला चहाला पाणी हवं होतं.

यानंतर सरांचा पत्र्याचा नाद मला जवळून दिसू लागला. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पाठ, चॉकलेटचा कागद, अगरबत्तीच्या आतलं अस्तर, काही म्हणून टाकू देत नसत. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुणे जेवायला बसले असताना सर नवरदेवाच्या पाठीमागे उभं राहून त्याच्या बाशिंगाचं बेगड निरखत होते. बेगड म्हणजे बाशिंगाला, किंवा बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्यांच्या शिंगांना लावतात तो चमचमता पातळ पत्रा. बघून झाल्यावर नवरदेवाला मोठ्यानं म्हणाले, "मशीनचं काम हाय. हाताचं न्हाई." जावईबापू अजून मला विचारतात, ते गृहस्थ नेमकं कशाबद्दल बोलत होते.

मग सरांनी स्टाफरूमच्या दाराला रीडर बसवला आणि दिसेल त्या वस्तूला पट्ट्या चिकटवल्या. खडूचा डबा, माझी पिशवी, आणि प्राचार्यांची छत्री. दारातून वस्तू गेली की 'टुक' असा आवाज व्हायचा आणि पडद्यावर वेळेसकट नोंद उमटायची. प्राचार्यांच्या केबिनचा रस्ता स्टाफरूममधूनच जातो. तीन दिवसांत सगळ्या कॉलेजला कळलं, की प्राचार्य साडेपाचपर्यंत 'बाहेर मीटिंगला' असतात, पण त्यांची छत्री पावणेतीनलाच घरी जाते.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी दाराबाहेर पुस्तकांची यादी घेऊन उभा होतो. यादी कोरी होती.

"अत्तार, तुमची ही खेळणी बंद करा. ती प्रयोगशाळा मला टेबल टेनिससाठी हवी आहे."

"सर, खेळनी न्हाईत ती."

"मग कॉलेजबाहेर कुठंतरी, खऱ्या गोदामात, खऱ्या मालावर चालवून दाखवा. सत्र संपायच्या आत. मी स्वतः बघायला येईन. चाललं तर खोली तुमची. नाही चाललं, तर सोमवारी टेबल येईल."

सर बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. ती खोली म्हणजे त्यांची बारा वर्षं होती. मी हाक मारली, "सर..." "ओ, ओ," म्हणाले, पण त्या दिवशी दोन्ही ओ खालच्याच पट्टीतले होते.

गोदाम मिळालं कवठे महांकाळच्या बाजूला. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले एक तात्या तिथं बेदाण्याचा व्यापार करतात. त्यांना कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत आहे, हे पेटी न उघडता कळायला हवं होतं. "पेट्यांची हजेरी लागली पायजे, फौजेवानी," एवढीच त्यांची अट.

पण सरांपुढं दोन अडचणी होत्या. पहिली बेदाणा. त्यात ओलावा असतो, आणि ओलाव्याजवळ पट्टी नेली की तिचे सगळे सूर घसरतात. कोरडी पेटी कमी घसरते, दमट पेटी जास्त. मग एका पेटीचं नाव दुसरीच सांगते. सर दोन वर्षं याच्याशी झुंजत होते. शेवटी त्यांनी अंदाजपंचे एक दुरुस्ती बसवली होती, आणि अंदाज कधी लागायचा, कधी नाही. दुसरी अडचण म्हणजे कॉलेजचं पत्रा कापायचं यंत्र. ते खाचांच्या कडा फाडायचं.

"त्येची काळजी न्हाई," सर म्हणाले. "उंब्रजला माज्या घरी येक कटिंग मशीन हाय. जुनं हाय, पन केसाचाबी फरक पडत न्हाई."

मला वाटलं, जपानी असेल. रविवारी आम्ही उंब्रजला गेलो. हमरस्त्यापासून आत, बाजारपेठेच्या गल्लीत एक बोळासारखं दुकान. उंबऱ्याशी सर थांबले आणि दिमाखात हात पुढं करून म्हणाले, "हे मशीन."

आत सतरंजीवर एक साठीचे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, पांढरी बंडी, मांडीवर लाकडाचा ठोकळा. सरांचे थोरले भाऊ, बाबूदादा. लहानपणी घशाचं दुखणं झालं त्यात दादांचा आवाज गेला तो गेलाच. ऐकू सगळं येतं, बोलता येत नाही. अत्तारांच्या घरात बांगड्या, अत्तर आणि बेगड असा पिढीजात धंदा. सर शिकून बाहेर पडले, दादांनी बेगड धरलं. पंचक्रोशीतल्या हजारो नवरदेवांची बाशिंगं त्यांनी केली, स्वतःसाठी मात्र एकही केलं नाही. ताबुतांची नक्षी त्यांची, बेंदराच्या बैलांची फुलं त्यांची. आता सगळं प्लॅस्टिकचं तयार मिळतं. दादा तरीही रोज सकाळी दुकान उघडतात, छिन्न्यांना धार लावतात आणि संध्याकाळी धार लावलेल्या छिन्न्या फडक्यात गुंडाळून दुकान बंद करतात.

सरांनी पट्टीचं चित्र पुढं ठेवलं. दादांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आणि चेहऱ्यावर असा भाव आणला, की एवढंच? मग पातळ पत्र्याची चळत ठोकळ्यावर ठेवली, छिन्नी लावली, आणि हातोडीचे असे हलके ठोके घातले, की जणू कुणाच्या पाठीवर थोपटताहेत. सरांनी भिंग लावून मोजलं. तीनदा मोजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जपान झक मारतंय."

दादांनी मला खूण केली. तोंडाशी कप धरल्यासारखी. चहा आला. निघताना सरांनी पिशवीतून खाऊचं पाकीट काढून दादांच्या फळीवर ठेवलं. तिथं आधीचीही रिकामी पाकिटं घड्या घालून ठेवली होती. एकावर निवडणूक प्रशिक्षणाचा शिक्का होता. तर मंडळी, मघाचं अधाशी हे वाक्य मी इथं परत घेतो.

नमुना प्रयोगशाळेत बरोबर बोलला. मग दादांनी चाळीस पेट्यांच्या चाळीस निराळ्या पट्ट्या कापल्या, बेदाण्याचा चिकटपणा लागू नये म्हणून वरून कागद डकवला आणि पार्सलनं पाठवल्या. चाचणीच्या आदल्या दिवशीच त्या पोचल्या. तपासायला वेळ नव्हता. "दादाच्या हाताचं काय तपासायचं?" म्हणत सरांनी त्या थेट नेऊन पेट्यांवर चिकटवल्या.

चाचणीच्या सकाळी गोदामात आम्ही, छत्रीसकट प्राचार्य, आणि मिशांना पीळ दिलेले सुभेदारतात्या. पेट्या ओळीत मांडलेल्या. तात्यांनी छाती काढून आरोळी ठोकली, "पेटी नंबर येक!"

सरांनी रीडर समोर धरला. पडद्यावर अक्षरं आली: ओळख पटत नाही.

"नंबर दोन!"

ओळख पटत नाही.

तात्या चिवट माणूस. चाळिसाव्या पेटीपर्यंत त्यांनी आरोळ्या ठोकल्या. मग मिशी खाली आली. "आवं सर, चाळीस जवान आन् येकबी हजर न्हाई? आख्खी पलटन फरार?"

प्राचार्य छत्रीच्या मुठीकडं बघत म्हणाले, "ठीक आहे, अत्तार. प्रयत्न चांगला होता."

सर पडद्याकडं बघत उभे होते. घाम फुटला होता. "सर," मी हळूच म्हटलं. ओ आला नाही. एकही नाही.

"आदी जेवून घेऊ," तात्या म्हणाले. "उपाशी पोटी हार मानायची न्हाई, असा आमच्या पलटनीत नियम व्हता." सगळे भाकरीकडं वळले. सर वळले नाहीत. त्यांनी एका पेटीवरची पट्टी उचकटली, थुंकी लावून वरचा कागद खरवडला आणि पत्रा दारातल्या उन्हात धरला.

मी भाकरी हातात घेऊनच त्यांच्याजवळ गेलो. आठ खाचा जागच्या जागी होत्या. आणि खाली कोपऱ्यात, अगदी कडेला, चित्रात नसलेली एक नववी खाच होती. नखाएवढी. सुरेख, अर्धचंद्राच्या आकाराची.

"हे काय?" मी विचारलं.

सरांनी दुसरी पट्टी काढली. तिच्यावरही तीच. तिसरीवरही तीच.

"दादानं गालबोट लावलंय," सर म्हणाले.

लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण गालाला काजळाचं बोट लावतो, तेच हे. बेगडकाम घराबाहेर पाठवताना त्यात मुद्दाम एक छोटी खोट ठेवायची, ही त्यांच्या घरातली रीत. बाशिंगात एक पाकळी कमी. ताबुताच्या नक्षीत एक छेद जास्त. आठ जणांच्या हजेरीत नववा कोण उभा राहिला, म्हणून बिचारा संगणक अडला होता.

"कार्याला गालबोट लागलं म्हणतात ते हेच का?" मी म्हणालो. मला विनोद कुठं करावा हे आजवर कळलेलं नाही.

पण सर माझं ऐकतच नव्हते. ते धावत पडद्याकडं गेले. पडद्यावर प्रत्येक पेटीची एक रेघ उमटली होती, आणि जिथं जिथं सूर गिळला गेला तिथं तिथं त्या रेघेत खळगा. सर एकेका पेटीचा नववा खळगा बोटानं दाखवू लागले. "ह्यो बघा, हितं. ह्यो जरा डावीकडं. ही पेटी दमट हाय, म्हनून ह्यो आनिक डावीकडं..." आणि एकदम गुडघ्यावर हात मारून ओरडले, "आरं दादा! आरं माज्या दादा!"

तात्या घास तोंडात धरून उभे राहिले. "काय झालं? चावलं काय?"

"तात्या, तुमी भजनाला बसता का?"

"बसतो की."

"पावसाळ्यात वाजवायची पेटी उतरती. मग गानारा काय करतो?"

"तिचा सा कुठं गेलाय ते बघतो. सा घावला, की बाकीचं सूर आपसूक घावतात."

"तसंच! आठ खाचा पेटीपेटीला निराळ्या. पन गालबोट चाळीस पट्ट्यांवर येकच, कारन तेवढं दादानं शेवटी सगळ्या पट्ट्यांची येकच चळत करून कापलंय. ते किती सरकलं बघायचं, आन् बाकीचं तेवढंच माघारी ढकलायचं. दोन वर्सं मी अंदाज करत बसलोय, आन् ह्यानं सा लावून दिलाय!"

सर बेदाण्याच्या एका पेटीवर बसले, दुसरीवर संगणक ठेवला आणि टकटक करू लागले. त्याला तासभर लागला. प्राचार्यांनी तेवढ्यात दोन भाकरी खाल्ल्या, वर वाटीभर बेदाणे.

"हं, तात्या. पुकारा."

"पेटी नंबर येक!"

टुक. पडद्यावर नंबर एक, बागेच्या नावासकट.

"नंबर दोन!"

टुक.

"तीन! चार! पाच!"

टुक, टुक, टुक. तात्यांचा आवाज चढत गेला. विसाव्या पेटीला ते सावधानमध्ये उभे होते, तिसाव्याला मीही. चाळिसावी पेटी सगळ्यांत दमट होती. तिनं क्षणभर विचार केला, आणि टुक!

"पलटन हजर है साब!" तात्यांनी सरांना कडक सॅल्यूट ठोकला.

प्राचार्यांनी हात पुसले. "टेबल टेनिस आपण व्हरांड्यात घेऊ," म्हणाले, आणि गाडीकडं निघाले. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा उंब्रजला. सरांनी पट्टी दादांच्या पुढं धरली. "ह्ये काय केलतंस रं?"

दादांनी पट्टी पाहिली, मग शांतपणे स्वतःच्या गालाला बोट लावलं.

"आन् नमुन्याला का न्हाई लावलंस?"

दादांनी तोंड वाकडं करून हात झटकला. नमुन्याला कोण दृष्ट लावणार! मग दोन्ही हातांनी मोठमोठ्या माणसांच्या टोप्या, मिशा, पोटं दाखवली, त्या सगळ्यांचे डोळे दाखवले, आणि ते डोळे जिथं वळणार होते तिथं बोट केलं. सरांच्या छातीवर. म्हणजे पट्टीसाठी नव्हतंच ते गालबोट. ते पोराला लावलं होतं. पोर छपन्न वर्षांचं, टक्कल पडलेलं, पीएच.डी. झालेलं.

परतताना सरांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग आपणहून बोलायला लागले.

"कोरेगावच्या बाजाराला अम्मा आमा दोघास्नी घेऊन जायाची. ती बांगड्या भरायला बसली की आमी पांगायचो. मग ती हाका मारायची. 'शौकत!' मी ओ द्यायचो. 'बाबू!' दादाला ऐकू जायाचं, पन ओ कसा देनार? गर्दीत दिसायचा न्हाई. अम्मा घाबरी व्हायाची, हाका मारून मारून तिचा घसा बसायचा. मग मीच दोन ओ द्यायला लागलो. येक माजा, येक दादाचा. दोन आलं, की ती गप कामाला लागायची." मग म्हणाले, "अम्मा गेली. पन दादाचा ओ कुनीतरी द्यायलाच पायजे का न्हाई?"

पंधरा वर्षं मी तो दुसरा ओ ऐकत होतो, आणि तो कुणाचा आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता तात्यांच्या शेजारच्या दोन गोदामांनीही पट्ट्या मागवल्या आहेत. नवीन आराखड्याची पहिली पट्टी नेहमी हातानं कापायची, असा सरांनी नियम केलाय. बरीच मनधरणी झाल्यावर दादा सांगलीला आले, छिन्न्यांचं फडकं काखेत मारून. प्रयोगशाळेत खिडकीशी त्यांची सतरंजी, समोर ठोकळा. जुबेदाभाभी रोज दोन डबे भरतात. सरांनी दादांसाठी एक खास पट्टी करून घेतली आहे. तिच्यावर आठ खाचा नाहीतच, एकटं गालबोट आहे. ती दादांच्या बंडीच्या खिशात असते, आणि सतरंजीशेजारी एक छोटा रीडर ठेवलेला असतो.

परवा एक पुस्तक परत मागायला मी तिकडं गेलो. दारातून हाक मारली, "सर!"

"ओ!"

एकच. खणखणीत, वरच्या पट्टीतला. मी सवयीनं थांबलो. सरांनी मान वर केली नाही, दुसरा ओ दिला नाही. खिडकीशी दादांचीही नजर पत्र्यावरच होती. हातातली छिन्नी न थांबवता ते फक्त जरासे बाजूला झुकले, बंडीचा खिसा रीडरजवळ गेला.

टुक.